चष्म्याचा नंबर आवरता येतो

मुलाला चष्मा लागला की घरात सुतक आल्यासारखं होतं. आई डोळ्याला पदर लावते. आजी म्हणते, आमच्या सात पिढ्यांत कुणाला चष्मा नव्हता. मुलगी असली तर बोलायलाच नको. हिचं लग्न कसं जमणार, हा घोर आठव्या-नवव्या वर्षीच सुरू होतो. मग चष्मा पेटीत जातो. मुलगी तशीच शाळेत जाते आणि फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून उतरवते.

आम्ही चाकणच्या आजूबाजूच्या शाळांत ३६ वर्षं शिकवलं. पुस्तक नाकाला लावून वाचणारी मुलं पाहिली. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुलंही पाहिली. पाचवीतल्या एका मुलीचं आठवतं. तोंडी गणित घातलं की पहिलं उत्तर तिचं. तेच गणित फळ्यावर लिहिलं की चुकलंच. वही पाहिली तर ८ च्या जागी ३ लिहिलेले. म्हणजे गणित बरोबर होतं, आकडा चुकीचा दिसत होता. डोळे तपासले, तर नंबर निघाला मायनस ३. चष्मा लावून ती शाळेच्या दारात आली आणि लिंबाच्या झाडाकडे बघतच राहिली. झाडाला पानं वेगवेगळी असतात, हे तिला लांबून त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

हा नंबर येतो कुठून, तो वाढतो का आणि त्याला आवर घालता येतो का, हे आपण या पाठात पाहू.

आधी एक घोटाळा दूर करू. तुमच्यापैकी पुष्कळांना हे पुस्तक हात लांब करून वाचावं लागत असेल. ती चाळिशी. चाळिशीत जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं. मुलांचा नंबर बहुधा उलटा असतो. जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं धूसर दिसतं. याला लघुदृष्टी म्हणतात. चष्मेवाला ज्याला मायनस नंबर म्हणतो, तो हाच. आजोबांचा चष्मा नातवाला लावून बघू नये, तो याच कारणाने.

लहानपणी आपण भिंगाने कागद जाळला आहे. भिंग पुढे-मागे करत एका ठरावीक अंतरावर धरलं की उन्हाचा बारीक ठिपका पडतो आणि कागद धुमसतो. अंतर चुकलं की ठिपका पसरतो. आपल्या डोळ्यातही पुढे भिंग आहे आणि मागे पडदा आहे. भिंगातून येणारा उजेड बरोबर पडद्यावर एकवटला की स्वच्छ दिसतं. काही मुलांचा डोळा मागच्या बाजूला जास्त लांब वाढतो. मग पडदा मागे सरकतो, उजेड पडद्याच्या अलीकडेच एकवटतो आणि लांबची वस्तू पुसट दिसते.

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलीमीटर असतो. मोठ्या माणसाचा साधारण २४ मिलीमीटर, म्हणजे एका इंचाला थोडा कमी. मुलांची फूटपट्टी हातात घ्या. तिच्यावरच्या सगळ्यांत बारीक दोन रेघांमधलं अंतर म्हणजे १ मिलीमीटर. डोळा एवढासाच जास्त लांबला, तर अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागतो. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे.

लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून गाजर खाऊन, डोळ्यात मध घालून, टाळूला तेल चोळून किंवा डोळे गरागरा फिरवून नंबर उतरत नाही. गाजर जरूर खा. शेवग्याचा पाला खा. त्याने रातांधळेपणा टळतो. पण तो आजार वेगळा आणि हा वेगळा. "महिन्यात चष्मा उतरवून देतो" अशी पाटी लावून कुणी बसला असेल, तर त्याच्या दारावरून पुढे चालू लागा. मोठेपणी लेसरने चष्मा घालवता येतो, हे खरं आहे. पण त्यात डोळ्याचा पुढचा भाग घासून सारखा करतात. मागे लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो.

तो लांब राहिला तर बिघडलं काय? नंबर १ किंवा २ असेल तर फारसं बिघडत नाही. पण कणकेचा गोळा जितका लाटावा तितकी पोळी पातळ होते. तसं डोळ्याचं आहे. नंबर ६ च्या पुढे गेला की डोळ्याचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. मोठेपणी तो फाटण्याची, सुटण्याची भीती वाढते. पडद्याचा मधला भाग खराब होऊ शकतो. काचबिंदूही लवकर गाठतो. अशा वेळी कितीही जाड चष्मा लावला तरी दिसत नाही. ज्या पोराच्या हाताला पुढे कंपनीत मशीन यायचं, गाडीचं चाक यायचं, त्याची नजर ऐन उमेदीत अधू झाली तर घर कसं चालायचं? म्हणून चष्मा लागला याचं दुःख करू नका. नंबर वाढतो किती, यावर लक्ष ठेवा.

नंबर बहुधा शाळेच्या वयात येतो आणि अंगाची वाढ होते तोवर वाढत राहतो. पुढे विशीच्या आसपास बहुतेकांचा थांबतो. आता हिशेब करा. सातव्या वर्षी चष्मा लागला तर वाढायला दहा-बारा वर्षं मिळाली. तेराव्या वर्षी लागला तर पाच-सातच. म्हणून नंबर उशिरा येणं हीच मोठी कमाई आहे. आई-बाप दोघांनाही मायनस नंबर असेल, तर मुलाकडे लहानपणापासूनच लक्ष द्यावं. त्याला नंबर येण्याचा संभव जास्त असतो.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शहरातल्या आणि खेड्यांतल्या शाळांमधली १२ हजारांवर मुलं तपासली. ती पाहणी २००९ साली छापून आली. चष्म्याशिवाय राहिलेली लघुदृष्टीची मुलं शहरात हजारी सुमारे ३२ निघाली, तर खेड्यांत हजारी सुमारे १५. म्हणजे शहरात दुपटीहून जास्त. मुलं त्याच जिल्ह्याची, त्याच भाकरीवर वाढलेली. मग फरक कशाने पडला?

याचं उत्तर आपल्या डोळ्यांदेखत घडलं आहे. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला. मागोमाग मोटारींचे, स्कुटरींचे कारखाने आले. १९७० साली तिथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. मग पाळी चाकणची आली. पूर्वी चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार. आज महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात कंपन्या उभ्या आहेत. आम्ही कंपन्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्यामुळे चुली पेटल्या, मुली शिकल्या. पण शिवार गेलं तसं मुलांचं रानही गेलं. पूर्वी पोरं शाळा सुटली की गुरांमागे जात, विहिरीवर पोहत, विटीदांडू खेळत. दिवे लागेपर्यंत घरात पाय नसे. आता मराठवाड्यातून, विदर्भातून आलेलं कुटुंब चाळीतल्या एका खोलीत राहतं. बाप पहिल्या पाळीला, आई दुसऱ्या पाळीला. रस्त्यावर ट्रेलर धडधडत जातात. मग पोराला बाहेर सोडायचं कुणाच्या भरवशावर? दार लोटायचं, हातात मोबाईल द्यायचा आणि कामाला जायचं. त्या आईला आम्ही दोष देत नाही. पण पोराच्या डोळ्यांना दिवसाचा उजेड मिळेनासा झाला, हेही सांगितलं पाहिजे.

दिवसाचा उजेड हाच या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. चीन देशात ग्वांगझू नावाचं मोठं शहर आहे. तिथे १२ शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मैदानात घेतला. बाकीच्या शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी पाहिलं, तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या ३९-४० मुलांना लघुदृष्टी आली होती. मैदानात जाणाऱ्यांत ३० जणांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. मैदानात जाण्याला खर्च काय आला? काहीच नाही.

तैवान या देशाने तर २०१० सालापासून सगळ्या शाळांना सांगितलं, की मुलं रोज दोन तास उघड्यावर असली पाहिजेत. तिथे नजर कमी असलेली शाळकरी मुलं वर्षानुवर्षं वाढतच होती. २०११ साली शंभरात ५० झाली होती. पुढे तो आकडा खाली येऊ लागला आणि २०१५ साली ४६ वर आला. दिल्लीतही डॉक्टरांनी सुमारे १० हजार शाळकरी मुलं तपासली. शंभरात १३ मुलांना लघुदृष्टी निघाली. रोज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी होती.

असं का होतं? दूध लिटरने मोजतात, तसा उजेड लक्स या मापाने मोजतात. खोलीत ट्यूब लावली तरी उजेड १०० ते ५०० लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार असतो आणि भर उन्हात एक लाखाच्या घरात जातो. आपल्याला खोली उजळ वाटते, कारण डोळा सवय करून घेतो. भरपूर उजेड आत गेला की डोळ्याच्या पडद्यातून एक रस सुटतो आणि तो डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतो, असं शास्त्रज्ञ मानतात. शिवाय बाहेर नजर लांब जाते. घरात ती चार हातांवरच्या भिंतीला धडकते.

तेव्हा मुलाला रोज दोन तास दिवसाउजेडी बाहेर काढायचं. सलग नकोत, तुकड्या-तुकड्यांनी चालतील. पळापळच केली पाहिजे असंही नाही. झाडाखाली बसून गोट्या खेळल्या तरी चालेल. वैशाखात भर दुपारी पोरं उन्हात तापवू नका. सकाळी आणि साडेचारनंतर बाहेर काढा. डोक्याला टोपी असू द्या. सूर्याकडे टक लावून मात्र कधीच बघायचं नाही. त्याने डोळा जळतो.

आमच्याकडे जागा कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, पण थोडी युक्ती करावी लागेल. शाळा जवळ असेल आणि वाट धोक्याची नसेल, तर मुलाला गाडीवर सोडू नका, चालत न्या. शाळेत प्रार्थना, कवायत, पाढे, गोष्टीचा तास हे सगळं बाहेर घेता येतं. मधल्या सुट्टीत मुलं वर्गात डबा खात बसतात, त्यांना व्हरांड्याबाहेर काढावं. पालकसभेला जाल तेव्हा गुरुजींना हे जरूर सांगा. आम्ही स्वतः गुरुजी होतो, पालकांनी धरून बसल्याशिवाय शाळा हलत नाही. चाळीत चार घरांनी मिळून पाळी लावावी. आज एकीने सगळी पोरं मैदानावर न्यावी, उद्या दुसरीने. गावात म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी पारावर बसायचंच असतं. त्यांनी नातवंडांवर नजर ठेवावी. सुट्टीच्या दिवशी इंद्रायणीच्या काठी, नाहीतर डोंगरावर न्यावं. गच्ची असेल तर कठडा नीट बघून तिथेही खेळू द्यावं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाहेरचा उजेड नंबर येण्याआधी जास्त उपयोगी पडतो. नंबर आल्यावर त्याचा उपयोग कमी होतो. म्हणून चष्मा नसलेल्या धाकट्या भावंडांनाही आजपासूनच बाहेर काढा.

आता वाचनाचं पाहू. जास्त वेळ जवळचं बघत राहिल्याने नंबराला जोर मिळतो. पण म्हणून शिकणं कमी करायचं नाही. विशेषतः मुलींचं. "वाचून डोळे जातील" हे निमित्त करून मुलीला शाळेतून काढणारा बाप आम्हाला भेटला आहे. हा उपाय नव्हे, हा अन्याय आहे. पुस्तक डोळ्यांपासून निदान एक फूट लांब असावं. मुठीची बोटं गालाला टेकवली, तर कोपर जितकं लांब जातं, तितकं अंतर ठेवावं. आडवं पडून वाचू नये. अर्ध्या तासाने उठावं, दारात यावं, लांबचं झाड किंवा डोंगर बघावा. अभ्यास ओट्यावर बसून केला तर दोन्ही कामं साधतात.

मोबाईल एकटाच गुन्हेगार नाही. तैवान-सिंगापूरकडे मोबाईल येण्याआधीच शाळकरी मुलांना चष्मे लागत होते. पण मोबाईल वितीवर धरला जातो, तासन्‌तास धरला जातो, आणि मूल घराबाहेर पडत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हाती तो देऊच नये. जेवताना पोर रडतं म्हणून मोबाईल लावणाऱ्या आयांनी पूर्वीसारखी चिऊ-काऊ दाखवावी. चिऊ-काऊ बघायला मूल निदान दारात तरी येतं.

चष्म्याविषयी सगळ्यांत मोठा गैरसमज असा, की चष्मा लावला की नंबर वाढतो. त्या पाचवीतल्या मुलीची आईही आम्हाला म्हणाली होती, "गुरुजी, सारखा लावला तर नंबर वाढंल की हो!" नंबर वाढतो तो डोळा लांबतो म्हणून. काच लावल्याने नाही. कुणी हुशारी करून मुद्दाम कमी नंबरचा चष्मा करून घेतात. मलेशियात डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं आणि २००२ साली निकाल छापला. कमी नंबरचा चष्मा घालणाऱ्या मुलांचा नंबर उलट जास्तच वाढला. तेव्हा डॉक्टर सांगतील तो पूर्ण नंबर घ्यावा आणि ते सांगतील तसा चष्मा वापरावा. मुलाला बाजारात उभ्या उभ्या यंत्रावर बघून चष्मा घेऊ नका. पहिल्यांदा तपासताना डॉक्टर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, मग नंबर काढतात. त्याशिवाय मुलाचा खरा नंबर कळत नाही. त्या दिवशी उजेड डोळ्यांना खुपतो, जवळचं पुसट दिसतं. घाबरू नये, थेंबाचा अंमल उतरला की नीट होतं.

नंबर भराभर वाढत असेल तर औषधही आहे. त्याचं नाव ॲट्रोपिन. बांधावर उगवणारा धोतरा तुम्हाला ठाऊक आहे. हा पदार्थ धोतऱ्यातही असतो. पण म्हणून कुणी धोतऱ्याचा रस डोळ्यात घालाल तर अनर्थ होईल, तो विषारी आहे. औषधाच्या थेंबात ॲट्रोपिन अगदी नाममात्र असतं. दहा हजार भागांत एक भाग, किंवा दोन हजारांत एक. रोज रात्री झोपताना एक थेंब घालतात आणि ते वर्ष-दोन वर्षं चालतं. आपल्या देशात झालेल्या चाचणीत असे थेंब घातलेल्या मुलांचा नंबर वर्षभरात नुसत्या साध्या थेंबांच्या निम्म्यानेच वाढला. अमेरिकेत २०२३ साली छापलेल्या चाचणीत मात्र दहा हजारांत एकच्या थेंबाने काही फरक दिसला नाही. हाँगकाँगमध्ये दोन हजारांत एकच्या थेंबाचा गुण जास्त आला. तेव्हा द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. शेजारच्या मुलाची बाटली आणून घालू नये. नंबर आवरणारी खास भिंगंही आता मिळतात. ती महाग आहेत. झेपत असेल तर डॉक्टरांना विचारावं, कर्ज काढून घेऊ नयेत.

मुलाचे डोळे तपासायचे केव्हा? मूल डोळे बारीक करून लांबचं बघतं, टीव्हीजवळ सरकतं, फळ्यापाशी उठून जातं, कपाळ दुखतं म्हणतं, तेव्हा तर ताबडतोब. एरवीही घरी एक परीक्षा करून पाहा. मुलाचा एक डोळा हाताने झाका आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगा. मग दुसरा झाका. तुम्हाला दिसतं ते त्याला दिसत नसेल, किंवा एका डोळ्याने दिसून दुसऱ्याने दिसत नसेल, तर दवाखाना गाठा. एका डोळ्याचा दोष मूल आपणहून कधीच सांगत नाही. त्याला तो कळतच नाही.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अंधत्व निवारणाच्या सरकारी कार्यक्रमात गरजू शाळकरी मुलांना फुकट चष्मा देण्याची सोय आहे, तिची चौकशी शाळेत करा. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. औंधला जिल्हा रुग्णालय आहे. चाकणकरांनी आधी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात विचारावं.

चष्मा लागलेल्या मुलाला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावं. दर वेळी मिळालेला नंबर तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येतं, हे काम तुमचंच. डावा डोळा, उजवा डोळा वेगवेगळा लिहा. वर्षात नंबर अर्ध्याहून जास्त वाढला, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि नंबर आवरण्यासाठी काय करता येईल ते विचारा. आणि मोठा नंबर असलेल्या कुणालाही, मूल असो की मोठं माणूस, एकाएकी डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके तरंगू लागले, किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर पडदा सुटत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी बाजार, पाळी, पाहुणे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.